पाठ नवव्याची खरी नक्कल

पालिकेच्या शाळांना पुस्तकं पुरवणारं भांडार गेली बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं मी तिथे नुसती खुर्ची उबवते. आमच्याकडे पुस्तक मुलाच्या मालकीचं नसतं. वर्षाच्या सुरुवातीला ते शाळेत जातं, वर्ष संपलं की परत माझ्या भांडारात येतं, आणि पार लक्तरं झाली की लगद्याला जातं. चौथीच्या भाषेच्या पुस्तकाच्या बावीस हजार प्रती आहेत, आणि त्यातली एक जरी कमी भरली तरी मला जेवण गोड लागत नाही. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

त्या पुस्तकातला नववा पाठ माझ्या वडिलांनी लिहिलेला आहे. बाबा तेव्हा नुकतेच मास्तर म्हणून लागले होते. पाठ दोन पानांचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता. खेळता खेळता एका मुलाने तो तोडला आणि कबूल केलं नाही. तीन दिवस गल्लीत पाणी नव्हतं. शेवटी खरं काय ते बाहेर आलंच, तात्पर्य असं की माणसाने नेहमी खरं बोलावं. आणि मधोमध ते वाक्य, जे या शहरातल्या चौथी पास झालेल्या प्रत्येक माणसाला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं: ‘नळ इस्त्रीवाल्याच्या मुलाने तोडला होता.’

तो इस्त्रीवाल्याचा मुलगा आता सत्तरीचा आहे. बापाची इस्त्री त्यानेच पुढे चालवली, आमच्या घरासमोरच त्याचं टेबल आहे. मी त्यांना काका म्हणते. बाकी सगळं गाव त्यांना नळतोड्या म्हणतं. दरवर्षी चौथीची नवी तुकडी नवव्या पाठापर्यंत पोचली की पोरं शाळा सुटल्यावर टेबलापुढून ओरडत जातात. काका मान वर करत नाहीत. कपड्यावर पाणी शिंपडतात आणि इस्त्री फिरवत राहतात.

आता गंमत ऐका. नळ काकांनी तोडलाच नव्हता.

बाबांनी तोडला होता. लोखंडी कांबीने ठोकून, वर्ष कुठलं ते सोडा. काकांनी ते पाहिलं होतं आणि मार खाऊनही नाव घेतलं नव्हतं. पुढे बाबा मास्तर झाले, पाठ्यपुस्तक मंडळाने पाठ मागवले, तेव्हा मास्तरांनीच नळ तोडला असं लिहायची बाबांची छाती झाली नाही. गल्लीत जे बोललं जात होतं तेच त्यांनी लिहून पाठवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही खरं बोलण्याच्या पाठात.

हे मला बाबांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. मी भांडी घासत होते. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं की हे आत्ताच का आठवलं, मध्ये चाळीस वर्षं गेली. तर म्हणाले, काका आले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला. त्यांची नात आता पहिली पास झाली होती. अजून दोन वर्षांनी ती चौथीच्या वर्गात बसणार, नववा पाठ येणार आणि सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडे बघणार.

“मास्तर, माझं काय, माझं झालं,” काका म्हणाले होते. “पण पोरीला उभं करून तो पाठ वाचायला लावतील हो.”

तेव्हापासून बाबांना दुसरा उद्योग नव्हता. एक वाक्य बदलायचं, पोरगी चौथीत जायच्या आत. आधी त्यांनी सोपा मार्ग धरला. चहाच्या दुकानात जाऊन दहा माणसांत कबूल केलं की नळ मी तोडला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, गुरुजी किती मोठ्या मनाचे, नळतोड्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतात. एकाने तर काकांना जाऊन सुनावलं की निदान आता तरी लाज धर. पुस्तकात छापलंय म्हटल्यावर पुढे बोलणंच खुंटलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मग बाबांनी मंडळाला अर्ज केला, की मी लेखक, माझ्या पाठातलं एक वाक्य चुकलं आहे, ते दुरुस्त करावं. मंडळाचं उत्तर आलं की पाठ स्वीकारल्या दिवसापासून मजकुराशी लेखकाचा संबंध उरत नाही; शिवाय त्या पाठाबाबत वाद न्यायालयात असल्याने काना-मात्राही हलवता येणार नाही. सरकारी काम सहा महिने थांब म्हणतात, हे उत्तर मात्र आठ दिवसांत आलं. नकार असला की टपाल लवकर चालतं.

वाद कसला, तेही सांगते. पालिकेच्या शिक्षण समितीच्या सभापतींना एका समारंभात कोणीतरी तो पाठ वाचून दाखवला होता. ‘तीन दिवस गल्लीत पाणी नव्हतं’ हे वाक्य ऐकून सभापतींचा चेहरा पडला. पाणीपुरवठा पालिकेचा, आणि पालिकेच्याच शाळेत पालिकेची बदनामी! समितीने ठराव केला की पाठ गाळावा. मंडळ म्हणालं, गाळायचा की ठेवायचा हे आम्ही ठरवणार, तुम्ही कोण? पालिका म्हणाली, शाळा आमच्या, मास्तर आमचे, फळे-खडू आमचे, मग पुस्तकापुरते तुम्ही कोण? झालं. दोघे कोर्टात गेले. नळ कोणी तोडला याच्याशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरी मी होते आणि माझ्या वाट्याला खळ आली.

पहिला हुकूम आला की निकाल लागेपर्यंत पाठ झाकून ठेवा. आम्ही कागदाच्या पट्ट्या कापल्या, पिठाची खळ शिजवली आणि सहा बायकांनी बसून बावीस हजार प्रतींची दोन-दोन पानं झाकली. भांडारात इतका आंबूस वास भरला की उंदरांनी आप्तेष्टांना निमंत्रणं धाडली असावीत. पुस्तकं शाळेत गेली आणि मुलांनी पहिल्या तासाला नखाने पट्ट्या खरवडून नववा पाठ वाचला. एरवी पहिला पाठ वाचायला ज्यांच्या मागे लागावं लागतं त्यांनी. त्यात सात प्रतींवर पट्टी लावायची राहून गेली होती, ते पालिकेच्या तपासनिसाने शोधून काढलं आणि मला मेमो मिळाला. बावीस वर्षांत पहिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कानाला खडा लावला.

पुढे मंडळ वरच्या कोर्टात गेलं. हुकूम आला की पट्ट्या काढा. ओल्या फडक्याने पुसून काढल्या. त्यानंतर पालिका त्याच्याही वर गेली आणि मागच्या सुट्टीत, सगळी पुस्तकं भांडारात परत आलेली असताना, तिसरा हुकूम आला: ‘पाठ क्रमांक नऊ भांडारातील सर्व प्रतींमध्ये, पुन्हा निघणार नाही अशा रीतीने, झाकण्यात यावा.’

तोवर काकांच्या नातीची तिसरीची परीक्षा झाली होती. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, काही हललं का. मी म्हणायचे, झाकतोय, म्हणजे वाचणार नाही ना पोरगी. यावर ते म्हणाले की झाकल्याने नाव जात नाही, आणि खोटं झाकून ठेवलं म्हणजे काही ते खरं होत नाही. मी चिडले. म्हटलं, हे शहाणपण चाळीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर मला एवढ्या पट्ट्या कापाव्या लागल्या नसत्या. मला नंतर वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही.

तर तिसरा हुकूम. या वेळी मी खळीच्या वाटेला गेले नाही. सुतार वापरतात तो पांढरा गोंद आणवला. एकदा वाळला की पट्टीबरोबर खालची अक्षरंही निघून येतात, इतका पक्का. बावीस हजार झाल्या. मग मी लोखंडी कपाट उघडलं. त्यात तीन संग्रह प्रती असतात: एक छापखान्याने मूळ म्हणून दिलेली, एक मंडळाची सही-शिक्क्याची, आणि एक कोर्टात दाखवायची म्हणून लाखेने बंद केलेल्या पाकिटातली. हुकुमात काय लिहिलं होतं? सर्व प्रती. पर्समध्ये मेमो होता. मी लाख फोडली, तिन्ही प्रतींत पट्ट्या लावल्या, पाकिटाला पुन्हा लाख लावली आणि रजिस्टरला नोंद केली. उरलेला एक कपटासुद्धा सोडला नाही, हे मी तेव्हा मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं. बाबांचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता, हे शपथेवर सांगते. शपथेची किंमत मला आता ठाऊक आहे.

शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी एक विचित्र गोष्ट केली. त्या म्हणाल्या, भांडणाआधी मला तो पाठ वाचू द्या. दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांकडे बघायला लागले. दोन वर्षांत हे कोणालाच सुचलं नव्हतं. पाकीट मागवलं, लाख फोडली, पुस्तक उघडलं. पान क्रमांक एकतीस, कोरी पांढरी पट्टी. पान क्रमांक बत्तीस, तशीच. बाईंनी शिपायाला कोपरा उचलायला सांगितलं, तर पट्टीबरोबर पानाचा पापुद्रा निघून आला.

मला बोलावणं गेलं. बाकीच्या दोन प्रतीही हजर केल्या, त्यांचीही तीच गत. छापखान्याने कळवलं की हुकूम शिरसावंद्य मानून आम्ही संगणकातूनही ती पानं काढून टाकली आहेत, सोबत पोच जोडली आहे. मंडळाच्या दप्तरात बाबांचं हस्तलिखित होतं, त्याला वाळवीने आमच्या आधीच न्याय दिला होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मला विचारलं की पुराव्याच्या पाकिटातल्या प्रतीवर पट्टी लावताना काहीच वाटलं नाही का. मी पर्समधला मेमो काढून दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला.

शेवटी त्यांनी मार्ग काढला. लेखक हयात आहे ना? त्याला बोलवा. त्याने पाठ शपथेवर तोंडी सांगावा, कारकुनाने लिहून घ्यावा, आणि भांडारपाल बाईंनी, म्हणजे मी, तो ताडून ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा दाखला द्यावा, कारण प्रत्येक आवृत्ती आल्यावर मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडायचं काम बावीस वर्षं मीच केलं आहे. मी लेखकाचीच लेक आहे हे मी लगेच सांगितलं. त्यावर दोन्ही वकील म्हणाले, आमची हरकत नाही. भांडण हक्काचं होतं, मजकुराचं नव्हतं. मजकूर लवकर आला म्हणजे त्यांना पुन्हा हक्कावर भांडता येणार होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसून होते. समोरच्या टेबलावर काका एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते आणि नात खाली पायरीवर बसून बटणं डब्यात भरत होती. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मला कळलं ते काय करणार आहेत. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला ठाऊक होतं असं झालं असतं.

सुनावणीला बाबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. सदरा काकांनीच करून दिला होता आणि काका स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले होते. बाबांनी शपथ घेतली, खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. मग हात मागे बांधून, वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले आणि पाठ सांगायला लागले. नळ, गल्ली, उन्हाळा, बादल्यांची रांग, शब्द न् शब्द जसाच्या तसा. मी मनात बरोबर म्हणत होते. मधलं वाक्य आलं तेव्हा ते थांबले. पाणी प्यायले.

“नळ मी तोडला होता,” बाबा म्हणाले, “आणि मार इस्त्रीवाल्याच्या मुलाने खाल्ला होता.”

कारकुनाने लिहून घेतलं. बाबा पुढे शेवटपर्यंत गेले, तात्पर्यासकट.

पालिकेचे वकील मात्र याच शहरात चौथी शिकलेले निघाले, आमच्या नशिबाने. ते उठले आणि म्हणाले की माझ्या आठवणीप्रमाणे नळ इस्त्रीवाल्याच्या मुलाने तोडला होता. सगळ्या शहराला माहीत आहे, त्या माणसाला लोक नळतोड्याच म्हणतात, आणि तो इथे मागे बसलाही आहे. सगळं कोर्ट मागे वळलं. काकांनी मान खाली घातली. न्यायाधीशबाई म्हणाल्या की टोपणनाव हा पुरावा होत नाही, आणि आठवणीने कोर्ट चालवायचं तर प्रत्येकाची आठवण घ्यावी लागेल. मग त्यांनी मला पुढे बोलावलं, मलाही शपथ दिली आणि विचारलं की मूळ पाठ हाच का.

माझ्या हातात कारकुनाचा कागद होता. बावीस वर्षांत मी एक स्वल्पविरामसुद्धा चुकीचा जाऊ दिला नव्हता. छापखान्याला एका अनुस्वारासाठी चार हजार प्रती परत पाठवणारी बाई मी. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, काकाही नाही. मी म्हटलं, “बाई, नळ माझ्या वडिलांनीच तोडला होता. हे खरं आहे.”

“नळ कोणी तोडला हे मी विचारलेलं नाही,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “तो या न्यायालयापुढचा प्रश्नच नाही. पुस्तकात काय छापलं होतं, एवढंच सांगा.”

मी खरं सांगून बघितलं होतं. ते चाललं नाही.

“हेच छापलं होतं,” मी म्हटलं. “वकीलसाहेबांची आठवण लहानपणची आहे. माझ्याकडे कामाची नोंद आहे.” आणि खाली लिहिलं, अस्सल बरहुकूम खरी नक्कल, सही, तारीख, शिक्का. सही माझी नेहमीचीच आली, जराही वाकडी नाही. आयुष्यातला एकुलता एक खोटा दाखला इतका सुबक निघावा याचं मला अजून नवल वाटतं.

निकाल असा झाला की मूळ पाठ या नकलेप्रमाणे छापून पुस्तकात परत घालावा, आणि अभ्यासक्रम नेमका कोणाच्या हातात याचा अंतिम निर्णय होईपर्यंत मंडळाने, पालिकेने किंवा लेखकाने त्यातल्या एका अक्षरालाही हात लावू नये. अंतिम निर्णय आमच्या हयातीत लागेल असं कोणी म्हणत नाही. तीन दिवस पाणी नव्हतं ते वाक्यही जसंच्या तसं राहिलं. सभापती अजून रागातच आहेत. संग्रह प्रती खराब केल्याबद्दल मला दुसरा मेमो मिळाला, तोही पर्समध्ये आहे. आम्ही नवी दोन पानं छापून आणली आणि पट्ट्यांवर चिकटवली, त्याच गोंदाने.

चौथीची नवी तुकडी चौथ्या महिन्यात नवव्या पाठापर्यंत पोचली. त्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा काढून घरी थांबले. काकांची नात सगळ्यांच्या आधी धावत आली, दप्तर टेबलाखाली टाकलं आणि आजोबांना म्हणाली की बाईंनी आज मला उभं करून पाठ वाचायला लावला. काकांची इस्त्री जागच्या जागी थांबली. पोरगी म्हणाली, “आजोबा, तुम्ही मार खाल्लात आणि नाव नाही सांगितलंत? माझ्या शेजारची तर म्हणते, तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं.” इस्त्रीखालून धूर यायला लागला तेव्हा कुठे काकांनी ती उचलली. कोणाचा तरी चांगला टेबलक्लॉथ होता.

मागून सगळी पोरं आली. टेबलापुढून न थांबता पुढे गेली आणि आमच्या खिडकीखाली उभी राहून ओरडली, “नळतोड्या! ए नळतोड्या!”

सवयीने काकांनी कपड्यावर पाणी शिंपडायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. आत बाबा खुर्चीतून उठायला लागले. गुडघ्यांनी वेळ लागतो. मी पोरांना हाकलायला दाराकडे निघाले तर त्यांनी मला हाताने अडवलं. खिडकीशी गेले, गज धरले आणि खाली वाकून म्हणाले, “ओ, आलो.”

आता रोज शाळा सुटली की ते आधीच खिडकीशी जाऊन बसतात. भांडारात मला माझ्या मागे नळतोड्याची पोरगी म्हणतात, मी ऐकलं आहे. म्हणू देत. छापलेलं आहे ते.